रुग्णाचे ज्ञापकत्व आणि आपले संशोधन

आयुर्वेदाच्या क्षेत्रात संशोधनाविषयी गेल्या दोन दशकांत विपुल चर्चा झाली आहे. पदव्युत्तर प्रबंधांची संख्या वाढली. औषधनिर्माते आपल्या कल्पांच्या चाचण्या करवून घेऊ लागले. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आयुर्वेदीय चाचण्यांचीही नोंद होऊ लागली आणि २०१३ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. ही वाटचाल समाधानकारकच आहे. तथापि या साऱ्या चर्चेत प्रमाणीकरण, नमुनासंख्या, सांख्यिकी, निधी आणि प्रसिद्धी यांविषयी पुष्कळ बोलले जाते. ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे त्या रुग्णाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रबंधात तो एक अनुक्रमांक असतो. संमतिपत्रावर त्याची सही अथवा अंगठा असतो. चाचणी संपली की त्याचा व संशोधकाचा संबंध संपतो. आपण दिलेल्या माहितीतून काय निष्पन्न झाले, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही.

रुग्ण हा संशोधनाचा केवळ विषय नसून सहकारी आहे आणि ज्या समाजातून रुग्ण व वनौषधी दोन्ही येतात तो समाजही सहकारी आहे, हा विचार आज जगभर मान्यता पावत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही समाजाच्या सहभागाला स्थान आहे. हा विचार पाश्चात्त्यांकडून आलेली नवी औपचारिकता आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. माझ्या मते तो आपल्या संहितांना अपरिचित नाही. आपण तो विसरलो आहोत आणि त्या विस्मरणाची किंमत आपले संशोधन मोजत आहे.

शास्त्राधार

चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकाचार्यांनी प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले. रुग्णाच्या ठायी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे गुण असावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. यांपैकी निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याचे सांगणे ऐकणे, हा गुण आपल्याला चांगला लक्षात राहिला. पथ्य न पाळणाऱ्या रुग्णाला आपण त्याची आठवण करून देतो. परंतु त्याच्याच पंक्तीला ज्ञापकत्व बसविलेले आहे. आपल्याला काय होते आहे हे रुग्णाने वैद्याला जाणवून द्यावे, ही त्याची पात्रता मानलेली आहे. जो जाणवून देतो त्याचे ऐकणारा कोणी असलाच पाहिजे. म्हणून ज्ञापकत्व हा रुग्णाचा गुण असला तरी त्यातून वैद्याचे कर्तव्य निष्पन्न होते.

अभीरुत्वाचेही तसेच आहे. आपल्याकडे रुग्ण वैद्याशी आदराने वागतो. ‘काढ्याने काही उपयोग झाला नाही’ असे तोंडावर सांगणे त्याला अप्रशस्त वाटते. तो ‘बरं वाटतंय’ म्हणतो आणि पुढच्या वेळी येत नाही. हा संकोच दूर होईल असे वातावरण वैद्यानेच निर्माण करावयाचे असते. संकोचापोटी दिलेली उत्तरे शून्य ते तीन अशा श्रेणीत बसवून त्यांवर कितीही सांख्यिकी केली, तरी निष्कर्ष संकोचाचेच निघणार.

द्रव्याच्या बाबतीत तर आचार्य अधिकच स्पष्ट आहेत. वनात वावरणारे शेळीपालक, मेंढपाळ, गोपालक व अन्य वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात, असे सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नमूद आहे. त्याचबरोबर केवळ नामरूप कळल्याने औषधी कळत नाही, देशकाल व पुरुष पाहून तिचा योग जाणणारा तो खरा ज्ञाता, असेही तेथे सांगितले आहे. ज्ञानाची ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते. वनवासीयाला वैद्य केले नाही आणि वैद्याला वनवासीयाची गरज नाही असेही म्हटले नाही. दोघांचे ज्ञान एकत्र आल्याशिवाय द्रव्यज्ञान पूर्ण होत नाही, अशी ती भूमिका आहे.

जे मोजले गेले नाही

रुग्णाला विचारल्याने शास्त्रात नेमकी कोणती भर पडते, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे एक उत्तर संधिरोगांच्या क्षेत्रातील आहे. आमवाताशी ज्याची तुलना आपण नेहमी करतो त्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या चाचण्यांत कोणत्या गोष्टी मोजाव्यात, हे ठरविण्यासाठी ‘ओमेरॅक्ट’ नावाचा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट १९९२ पासून कार्यरत आहे. सुजलेले सांधे, दुखणारे सांधे, रक्तातील निर्देशांक, हालचालीची क्षमता अशी यादी तज्ज्ञांनी सिद्ध केली होती. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या परिषदेत प्रथमच काही रुग्णांना सहभागी करून घेण्यात आले. थकवा आम्हाला सर्वांत अधिक छळतो आणि तुमच्या यादीत तो कोठेच नाही, असे त्या रुग्णांनी निदर्शनास आणले. पुढील काही वर्षांत त्यावर काम झाले आणि शक्य तेथे थकव्याचेही मापन व्हावे, अशी शिफारस २००७ मध्ये प्रसिद्ध झाली.

वैद्यबंधूंनी आता माधवनिदानातील आमवाताची लक्षणे आठवावीत. अंगमर्द, अरुची, तृष्णा यांच्या जोडीने आलस्य आणि गौरव तेथे आहेत. प्रवृद्ध अवस्थेत उत्साहहानी आहे, निद्राविपर्यय आहे. परिषदेला जे २००२ मध्ये रुग्णांकडून ऐकावे लागले ते आपल्या ग्रंथकारांनी शतकांपूर्वी लिहून ठेवले, कारण त्यांचे निदान रुग्णाचे बोलणे ऐकून सिद्ध झालेले होते. दर्शन व स्पर्शन यांच्यासोबत प्रश्न ही परीक्षा त्यांनी उगाच सांगितलेली नाही. खेदाची गोष्ट अशी की आजचे आपले कित्येक प्रबंध आमवातावर लिहिले जाताना संधिशोथ, संधिशूल आणि ई.एस.आर. यांवरच भर देतात आणि आलस्य, उत्साहहानी ही लक्षणे ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणून दुय्यम ठरतात. जी आपली मिरास होती ती आपण सोडून दिली आणि इतरांनी ती रुग्णांना विचारून पुन्हा मिळविली.

प्रश्न निवडण्यातही असेच घडते. गुडघ्याच्या संधिवाताविषयी २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की संशोधन मुख्यतः औषधे व शस्त्रक्रिया यांवर एकवटलेले होते, तर रुग्णांना आजाराविषयीची माहिती, स्वतःची काळजी कशी घ्यावी अशा विषयांवरही संशोधन हवे होते. ही दरी सांधण्यासाठी ब्रिटनमध्ये २००४ पासून ‘जेम्स लिंड अलायन्स’ रुग्ण, त्यांचे काळजीवाहक आणि चिकित्सक यांना एकत्र बसवून संशोधनाचे अग्रक्रम ठरविते.

आपल्या रुग्णांना असे विचारले तर ते काय सांगतील? पंचकर्मासाठी सलग सात-आठ दिवस सुट्टी मिळत नाही, त्या दिवसांची मजुरी बुडते, ती न बुडता करता येईल असा उपक्रम आहे का, असे शेतमजूर स्त्री विचारील. काढा रोज उकळायला सकाळी वेळ नाही, त्याच द्रव्यांची वटी तितकीच गुणकारी ठरते का, असे नोकरी करणारा विचारील. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना चूर्ण घेतले तर साखर एकदम उतरेल का, हा प्रश्न तर घरोघरी आहे. हे सर्व उत्तम संशोधनप्रश्न आहेत. त्यांवर आपल्याकडे किती प्रबंध झाले, याचा प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन शोध घ्यावा. प्रबंधात ‘मध्येच सोडून गेलेले रुग्ण’ असा एक रकाना असतो. तो आपण नाइलाजाने भरतो. वस्तुतः ते का गेले, हे विचारले असते तर पुष्कळदा प्रबंधाच्या निष्कर्षाइतकेच मोलाचे काही हाती लागले असते.

गडचिरोलीचा धडा

समाजाला सोबत घेऊन केलेल्या संशोधनाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात कार्यास आरंभ केला. दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून त्यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरून हे कधीच कळले नसते, कारण या स्त्रिया रुग्णालयात येतच नव्हत्या. गावाचा व तेथील स्त्रियांचा विश्वास संपादन केल्याविना अशी तपासणी घडणे अशक्य होते.

नवजात बालकांविषयीचे त्यांचे काम याहूनही बोलके आहे. ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, लक्षणे टिपून ठेवणे, वेळ पडल्यास जंतुदोषावर इंजेक्शन देणे ही कामे त्यांनी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. यातील ग्राह्यांश असा की जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत घरात काय घडते, हे पाहण्याची जागा केवळ गावातील स्त्रीलाच उपलब्ध होती. तिला नोंद करण्यास शिकविल्याने शास्त्राला नवे डोळे मिळाले. सूतिका व बालपरिचर्येचा एवढा मोठा वारसा सांगणाऱ्या आपण हे विशेष ध्यानी घ्यावे. त्याच जिल्ह्यातील लेखा-मेंढा या गावाने अभ्यासगट स्थापून मधमाश्यांचा अभ्यास केला आणि पोळे न जाळता मध काढण्याची रीत स्वीकारली. ज्यांच्या औषधात मध पडतो त्या निर्मात्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

याउलट समाजाला डावलल्यास काय होते, तेही आपण पाहिले आहे. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रकल्प राबविला गेला. आंध्रातील अनेक मुलींच्या बाबतीत पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमती दिल्याचे उघड झाले. त्या काळात झालेल्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. तरीही २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. गमावलेला विश्वास परत मिळविण्यास पुढे फार काळ लागतो.

‘जीवनी’ आणि कानी समाज

औषधनिर्मात्यांनी अवश्य अभ्यासावे असे उदाहरण केरळातील आहे. डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचा एक गट अगस्त्यमलाईच्या वनात गेला असता सोबतचे कानी वाटाडे एक फळ खाऊन न थकता चालत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. प्रारंभी वाटाड्यांनी ते गुपित सांगण्याचे टाळले. विश्वास वाटल्यावर वनस्पती दाखविली. ती ‘आरोग्यपच्चा’. तिरुवनंतपुरमजवळील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यावर संशोधन करून अश्वगंधा, पिप्पली व विष्णुक्रांता यांच्या संयोगाने ‘जीवनी’ हा कल्प सिद्ध केला. कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीस निर्मितीचा परवाना देण्यात आला. दहा लक्ष रुपये शुल्क व विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन ठरले आणि या दोन्हींचा निम्मा वाटा कानी समाजास देण्याचे मान्य झाले. १९९७ मध्ये समाजाचा विश्वस्त निधी नोंदला गेला आणि २००२ मध्ये जोहान्सबर्ग येथे या उपक्रमास ‘इक्वेटर’ पुरस्कार लाभला.

एवढ्यावर ही कथा संपती तर ती केवळ गौरवाची ठरली असती. प्रत्यक्षात अडचणीही उद्भवल्या. वनखात्याने वनस्पतीच्या संकलनास व लागवडीस हरकत घेतल्याने कच्च्या मालाचा पुरवठा अडखळला. कानी समाज अनेक वस्त्यांत विखुरलेला असून सर्वांना विचारलेले नव्हते. परंपरेने औषधज्ञान जपणाऱ्या काही प्लाथींनी ते बाहेर देण्यासच आक्षेप घेतला. माझ्या मते या अडचणींचे मूळ क्रमात आहे. परवाना आधी दिला गेला. समाजाची संस्था पुढे उभी राहिली. भागीदार कोण, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, कच्चा माल कोठून व कोणाच्या अनुज्ञेने येणार, या प्रश्नांची उत्तरे करारापूर्वी मिळाली असती तर त्या सद्हेतूस अधिक स्थैर्य आले असते. असे असूनही, लाभाची निम्मी वाटणी स्वेच्छेने करणारा हा प्रयत्न जैवविविधता कायद्याच्या आधीचा होता, हे विसरता कामा नये.

आता कायद्याची स्थिती बदलली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये लाभांश देण्याचे दायित्व देशी कंपन्यांवरही आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. त्यानंतर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ती एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीच्या औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना तीत सवलती आहेत. आपल्या व्यवसायास यामुळे दिलासा मिळाला, हे खरे. परंतु कायद्याने सक्ती काढली म्हणून ऋण फिटले, असा अर्थ कोणी काढू नये. हिरडा, बेहडा, गुळवेल, सफेद मुसळी ग्रंथात असल्या तरी त्या कोणत्या डोंगराच्या कोणत्या अंगाला, कोणत्या ऋतूत, किती काढल्या म्हणजे पुन्हा येतील, हे ज्ञान आजही संकलकांच्याच जवळ आहे. तो संकलक भागीदार राहिला नाही तर प्रथम द्रव्याची प्रत जाईल आणि मागाहून द्रव्यच जाईल.

काही आक्षेप

रुग्णाला शास्त्र कळत नाही, हा पहिला आक्षेप. खरे आहे, परंतु त्याच्याकडून योगज्ञानाची अपेक्षाच नाही. कोणता त्रास असह्य आहे, कोणता उपचार जगण्यात बसतो, कोणते पथ्य पाळणे अशक्य आहे, यांचा तो अधिकारी आहे. रुग्णाच्या सहभागाने चाचणी पक्षपाती होईल, हा दुसरा आक्षेप. प्रश्न व मापनाचे निकष ठरविताना रुग्णाचे मत घेतल्याने यादृच्छिक वाटणीस अथवा अंध-पद्धतीस बाधा येत नाही. कल्पाचे गुपित फुटेल, ही निर्मात्यांची भीती असते. घटकद्रव्ये लेबलवर छापावीच लागतात. संस्काराची प्रक्रिया कोणी रुग्ण विचारीत नाही.

चौथा आक्षेप मात्र गंभीर आहे : हे सारे देखाव्यापुरते उरेल. दहा तज्ज्ञांच्या समितीत एक रुग्ण बसविला, सारी कागदपत्रे इंग्रजीत दिली आणि बैठक कामाच्या दिवशी ठेवली, तर तो मान डोलावून घरी जाईल आणि अहवालात ‘रुग्णसहभाग’ नोंदला जाईल. त्यापेक्षा असा सहभाग नसलेला बरा. म्हणून पुढील सूचना शक्य तितक्या व्यवहार्य ठेवल्या आहेत.

काय करता येईल

व्यवसायी वैद्यांनी केसपेपरवर मुख्य वेदना नोंदविताना शास्त्रीय संज्ञेआधी रुग्णाचेच शब्द लिहावेत. ‘अंग जड पडतं’ हे आधी, ‘गौरव’ हे नंतर. एकाच व्याधीच्या आठ-दहा रुग्णांना वर्षातून एकदा एकत्र बसवून कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे आहे ते विचारावे. आणि विचारणारा शक्यतो त्यांचा स्वतःचा वैद्य नसावा, म्हणजे अभीरुत्व टिकेल. औषधाचा विपरीत परिणाम रुग्णाने सांगितल्यास तो झटकून न टाकता औषधदक्षता यंत्रणेकडे कळवावा. अशी यंत्रणा आपल्या औषधांसाठी २००८ पासून आहे, पण तिच्याकडे जाणारी माहिती रुग्णाच्या ज्ञापकत्वावर आणि आपल्या ऐकण्यावरच अवलंबून आहे.

महाविद्यालयांतील मार्गदर्शकांनी प्रबंधाचा आराखडा नैतिक समितीकडे जाण्यापूर्वी त्या व्याधीच्या किमान दोन रुग्णांस मराठीत समजावून द्यावा, त्यांच्या सूचना नोंदवाव्यात व त्यांच्या बुडालेल्या दिवसाचा मोबदला द्यावा. प्रबंध पूर्ण झाल्यावर निष्कर्ष, ते प्रतिकूल असले तरीही, सहभागी रुग्णांना एका पानात मराठीत कळवावेत.

औषधनिर्मात्यांनी नवा कल्प बाजारात आणण्यापूर्वी मात्रा, अनुपान, चव, वेष्टन व किंमत यांविषयी रुग्णांचा एक छोटा गट विचारात घ्यावा. वनौषधी संकलकांशी व्यवहार केवळ दलालामार्फत न करता ग्रामसभेशी अथवा जैवविविधता व्यवस्थापन समितीशी लेखी करार करावा, आणि तो संशोधनाच्या आरंभी करावा. संहितेत नसलेले स्थानिक ज्ञान वापरले असल्यास ज्ञानदात्यांचा वाटा व नाव दोन्ही मान्य करावे.

आपल्या संघटनेस आणि या त्रैमासिकास एक विनंती आहे. येथे प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक चिकित्सा-संशोधन लेखात ‘या अभ्यासात रुग्णांचा सहभाग कोणत्या टप्प्यावर होता’ असा एक परिच्छेद अनिवार्य करावा. सहभाग नसल्यास तसे लिहावे. एवढ्या लहानशा नियमानेही वर्षभरात आपल्या लेखनाचे चित्र पालटू लागेल, असा मला विश्वास वाटतो.

ज्या शास्त्राने रुग्णाला चिकित्सेचा पाद म्हटले, त्या शास्त्राच्या अनुयायांना संशोधनात त्याला स्थान देण्यासाठी कोणा परकीय परिषदेच्या शिफारशीची वाट पाहावी लागू नये. या सूचनांवर वैद्यबंधू-भगिनी व औषधनिर्मात्यांनी अनुकूल-प्रतिकूल मते अवश्य कळवावीत. तद्विद्यसंभाषेची परंपरा आपलीच आहे. इत्यलम्.